आईच्या खोलीपर्यंत नेट

आमच्या घरात जुनं राऊटर टाकून द्यायची पद्धत नाही. खरं तर काहीच टाकून द्यायची पद्धत नाही, आणि ती पद्धत माझी आहे. बायको तिला रोग म्हणते. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी मशिनींच्या देखभालीत आयुष्य काढलं. तिथं जळालेली मोटर कुणी फेकत नाही. तिचं बेअरिंग काढून ठेवतात, तांबं काढून ठेवतात, आणि कधी ना कधी ते कामाला येतंच. घरी नेटची कंपनी आम्ही सारखी बदलत आलो, कारण प्रत्येकीचे नव्याचे नऊ दिवस असतात. नव्या कंपनीचा पोरगा नवा डबा भिंतीला ठोकून जातो, जुन्या कंपनीचं कुणी आपला डबा न्यायला फिरकत नाही. असे तीन-चार डबे माळ्यावर एका पिशवीत पडून होते. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की बायको आधी माळ्याकडे बघायची, मग माझ्याकडे. मी पेपर थोडा वर धरायचो.

त्यातला एक डबा मी गेल्या पावसाळ्यात खाली काढला. काढला नसता तर काय झालं असतं, हा हिशोब मी पुष्कळदा करून पाहिला आहे. झालं तेच असतं, फक्त उशिरा कळलं असतं. पण काही गोष्टी उशिरा कळण्यातच घराचं भलं असतं, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

आई ऐंशीला टेकली आहे. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या वेळी ती शाळेत जाणारी पोर होती आणि आजोबांनी तिचं बोट धरून तिला मैदानावर नेलं होतं. आजोबा मिलमधले कामगार, अक्षरओळख नसलेले. वस्तीत कुणाचं पत्र आलं, कोर्टाचा कागद आला, की आईला बोलावणं यायचं. संध्याकाळी तिला ओट्यावर बसवून लोक पेपर वाचून घ्यायचे. पुढे शिकून ती काही झाली नाही. सातवीनंतर लग्न झालं, मग आम्ही झालो. पण ‘वाचणारी’ ही तिची ओळख सुटली नाही. सासरी आली तरी ती वाचणारी सून होती, आणि आम्ही नंदनवन भागात घर बांधलं तेव्हा जवळच्या विहारातल्या महिला मंडळानं तिला पहिल्याच वर्षी ग्रंथाजवळ बसवलं.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग एकजण वाचते आणि बाकीच्या ऐकतात. वाचणारी एकच. ती जागा काही कुणी लिहून दिलेली नसते, पण ती कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या विहारात ती माझ्या आईची होती, आणि तिला स्वतःची म्हणून मिळालेली ती एकच जागा होती. मुलगा, सून, घर हे सगळं कुणालाही असतं, असं ती तोंडावर म्हणायची.

लॉकडाऊनमध्ये विहार बंद झालं तेव्हा वाचन फोनवर आलं. पुढे विहार उघडलं, पण तोवर आईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. दुसरी कुणी असती तर तिथंच जागा गेली असती. पण मंडळाचं काम बघणाऱ्या ज्या बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी एक युक्ती काढली. आई घरून व्हिडिओ कॉलवर वाचायची आणि विहारात त्या आपला फोन स्पीकरला जोडून मूर्तीसमोर ठेवायच्या. बाया सतरंजीवर बसून ऐकायच्या. आई इकडे तशीच पांढरी साडी नेसायची, मेणबत्ती-अगरबत्ती लावायची, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि वाचायची. घरात कुणी टीव्ही लावायचा नाही असा दंडक होता. मी पहिल्या पाळीहून परत आलेला असायचो, आणि चहासुद्धा दबकत प्यायचो.

गेल्या वर्षी वर्षावास सुरू झाला आणि थोड्याच दिवसांनी त्या बाईंचा मला फोन आला. आईंचा आवाज तुटतो म्हणाल्या. वाचता वाचता मध्येच बंद होतो, मग पुन्हा तीच ओळ ऐकू येते. नेटचं काहीतरी बघा, भाऊ.

मला राग आला, आणि तो बरासुद्धा वाटला. नेटवर रागवायला मला आवडतं. मी कंपनीला फोन लावला आणि दरवेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांचा पोरगा आला, समोरच्या खोलीत उभा राहून आपल्या मोबाईलवर वेग मोजला, मस्त येऊन राहिलं म्हणाला आणि गेला. समोरच्या खोलीत यायला काय झालं होतं? डबा तिथंच आहे. आईची खोली घराच्या पार मागच्या टोकाला. मध्ये जिना, न्हाणीघर, लोखंडी कपाट. मागे चार मजली इमारत उठली तेव्हापासून तिथं मोबाईलचं नेटही लागत नाही. समोर येऊन वाच म्हटलं तर आई यायची नाही, कारण मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर तिच्या खोलीत आहे आणि त्यांच्याकडे पाठ करून ती वाचणार नाही.

मग मी कूलरला धरलं. पावसाळा लागला की आमच्याकडे कूलर खिडकीतून काढून, जुनी चादर गुंडाळून, आईच्या खोलीबाहेरच्या बोळात उभा करतात. माणसाएवढा टिनाचा डबा, नेट त्यातून जाणार कुठून? एका रविवारी मी आणि बायकोनं तो गच्चीवर चढवला. तिच्या कमरेत उसण भरली. आईच्या फोनवर सिग्नलची एक काडी वाढली आणि आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. मग मी फोनला दोष दिला आणि माझा फोन तिला वापरायला दिला. तरी तेच.

तेव्हा मी माळ्यावर चढलो.

जुन्या राऊटरचं नवं काम फार अवघड नाही, हे मी कारखान्यातल्या सवयीनं बघून-वाचून शिकलो. मागच्या भोकात काडी खुपसून धरली की तो आधीचं सगळं विसरतो. मग त्याला समजवायचं, बाबा, आता तू मालक नाहीस. घरातल्या प्रत्येक फोनला एक नंबर वाटायचं काम असतं, ते नव्याकडेच राहू द्यायचं. जुन्याचं ते बंद करायचं, नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात आणि कुणाचंच चालत नाही. नाव आणि पासवर्ड दोघांचा एकच ठेवायचा, म्हणजे माणूस या खोलीतून त्या खोलीत गेला तरी फोनला पत्ता लागत नाही. बिनवायरीचं करून पाहिलं, पण जिन्याची भिंत आडवी आली. मग लकडगंजातून चांगली लांब केबल आणली आणि जिन्याच्या कडेनं खिळ्या मारत मागे नेली. आईच्या चौकटीला भोक पाडलं आणि तिच्या कपाटावर तो जुना डबा बसवला. त्याचे हिरवे दिवे लागले तेव्हा मला फार दिवसांनी आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं. आईच्या फोनवर सगळ्या काड्या भरल्या होत्या. बायकोला मी हाक मारून दाखवलं. भंगार म्हणत होतीस ना, असंही म्हणून घेतलं.

ती पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेली. एरवी तिनं सोडलं नसतं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम विहारात गेलो. वाचनाला पुरुष फारसे जात नाहीत, पण मला माझं काम ऐकायचं होतं. मागे भिंतीला टेकून बसलो. स्पीकरमधून आईचा आवाज आला आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. इतका स्वच्छ. पान उलटल्याचं ऐकू येत होतं. तिच्या खोलीतला पंखा प्रत्येक फेरीला टक करतो, ती टकटकही येत होती. कारखान्यातल्या मशिनी मी दुरुस्त करतो आणि हा पंखा दोन उन्हाळे तसाच राहिला आहे, असं मनात येऊन मला थोडं हसूही आलं.

मग आई थांबली.

बाया आपसात बोलल्या, गेलं वाटते नेट. माझ्याशेजारची म्हातारी माझ्याकडे वळून समजुतीनं म्हणाली, तुमच्याकडं लाइनच खराब आहे, काय करता. मी मान हलवली. स्पीकरमधून पंखा ऐकू येत होता. टक, टक, टक. आमच्या गल्लीतून कांदे-बटाटेवाला त्याच्या भोंग्यासह जाताना ऐकू आला, अगदी स्पष्ट, भावासकट. नेट सुरू होतं. माझा डबा चोख काम करत होता. आईच तेवढी गप्प होती.

मग तिनं तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला. जिथं थांबली होती तिथं आली, पुन्हा थांबली. पुन्हा पंखा. फोनजवळ बसलेल्या मंडळाच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. त्यांना माझ्या आधी कळलं होतं की माझ्यासोबत, ते मला सांगता येणार नाही. मी चपला पायात नीट न घालताच बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा वाचन संपलं होतं. आई पलंगावर बसून साडीची घडी करत होती. आवाज कसा आला, असं तिनं विचारलं. एकदम स्वच्छ आला, मी म्हटलं.

“कुठं तुटला नाही?”

“नाही.”

तिनं घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. मला वाटलं होतं ती खूश होईल. निदान मी खूश करायचा प्रयत्न तरी करत होतो. तिचा चेहरा असा उतरला की मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेलो.

बायको भाकरी थापत होती. मी बोलायला तोंड उघडायच्या आत ती म्हणाली की तिला ठाऊक आहे. उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. आई एकच गोष्ट सकाळी तीनदा विचारतात, आंघोळ झाली की पुन्हा आंघोळीला जातात. एकदा दाराशी उभ्या राहून घर कुठलं ते त्यांना उमजत नव्हतं. मला सांगितलं का नाही, असं मी चढ्या आवाजात विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“सांगतलं असतं तं असेच ओरडले असते. आता तुमचं नेट सुधरलं नं? झाकली मूठ होती, ते तुम्हीच उघडली.”

मला तिचा राग आला. आईचा आला, कंपनीचा आला, त्या टकटक करणाऱ्या पंख्याचाही आला. सगळ्यांचा राग येऊन झाल्यावर खाली जे उरलं ती भीती होती. मी जेवलो नाही.

डॉक्टरकडे नेलं. मेंदूचे डॉक्टर, तरुण, चांगले होते. त्यांनी आईला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तिनं काढलं, पण सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले. महिना कोणता, असं विचारलं. “वर्षावास चालू आहे,” आई म्हणाली. डॉक्टर थांबून राहिले. त्यांना महिन्याचं नाव हवं होतं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा जोरात, ऐकायला कमी येणाऱ्याला सांगावं तसं. बाहेर तिला बायकोजवळ बसवून डॉक्टरांनी मला सांगितलं की गोळ्यांनी हे विसरणं सावकाश होईल, मागे फिरणार नाही. वाचन करतात ते चांगलं आहे, जमेल तितकं करू द्या. म्हणजे जी गोष्ट बंद पडत चालली होती, तीच त्यांनी औषध म्हणून दिली.

त्यानंतर आठवड्याच्या आत मंडळाच्या बाईंचा फोन आला. त्या बोलायला फार जपून बोलतात, आणि त्या दिवशी त्याहून जपून बोलल्या. आता आवाज स्पष्ट येतो म्हणाल्या, आणि त्यातच सगळं आलं. बायांमध्ये कुजबुज आहे, कुणी वाईट नाही बोलत, पण ग्रंथ पुढे सरकत नाही. आश्विन पौर्णिमेला समाप्ती करायची आहे. एक शिकलेली सून आहे, छान वाचते. आईंनी सुरुवातीचं त्रिशरण-पंचशील द्यावं, ते त्यांना पाठच आहे, वाचन तिच्याकडे द्यावं. मान तोच राहील.

मी नको ते बोललो. इतकी वर्षं तिनं वाचलं तेव्हा कुणी सून आठवली नाही, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. उद्या सांगा, भाऊ, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी वळलो तर आई बोळात भिंतीला धरून उभी होती. मी हळू बोललेलोच नव्हतो, तेव्हा ऐकलं का असं विचारण्यात अर्थ नव्हता.

तिनं मला हातानं खोलीत बोलावलं. कपाटावरच्या डब्याकडे बोट केलं.

“ते काढून टाक, बाबू.”

मला वाटलं तिला ते दिवे झोपू देत नसतील. मी म्हटलं, रात्री बंद करत जाईन.

“झोपेचं नाही म्हणून राहिली मी. काढूनच टाक.”

“काहून?”

ती पलंगावर बसली. त्या वेळी तिचं डोकं अगदी ठिकाणावर होतं, माझ्यापेक्षा जास्त. एकेक शब्द नीट उचलून ठेवत ती बोलली.

“नेटात खोट असली तं लोकं थांबतेत. माणसात खोट असली तं दुसरं माणूस पाहतेत. तुले काय वाटलं, मले समजत नाही? मले माहीत आहे सारी खोट नेटाची नव्हती ते. पहिल्यापासून माहीत आहे. मीच म्हणत होती त्याईले, नेट गेलं, नेट गेलं. आता काय म्हणू?”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या आलं. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि डब्याची पिन काढली. हिरवे दिवे गेले. केबल चौकटीच्या भोकातून ओढून घेतली, तशी जिन्यापर्यंतच्या खिळ्या एकेक करून सुटत गेल्या. बायको दारात येऊन बघत होती. तिनं केबलचं दुसरं टोक धरलं आणि गुंडाळायला लागली.

सकाळी मी बाईंना फोन केला, आदल्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली आणि सांगितलं की नेट परत बिघडलं आहे. कंपनीकडून आता काही होईल असं वाटत नाही, बहुतेक पौर्णिमेपर्यंत असंच चालेल. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“बरं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “नेटचंच असन तं मंग आम्ही थांबत जाऊ.”

त्यांना काय कळलं आणि किती, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. आपल्या लोकांत काही गोष्टी अशाच दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्या जातात.

त्या संध्याकाळी आईनं पांढरी साडी नेसली, मेणबत्ती लावली, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवला आणि दार लोटून घेतलं. फोनवर एखाद-दोन काड्या होत्या, कधी त्याही नव्हत्या. मी बोळात खुर्ची टाकून बसलो. त्रिशरण-पंचशील तिनं न चुकता म्हटलं. मग ग्रंथ उघडला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली, थांबली, पुन्हा पहिलीवर आली. पुढे तिला ओळ सापडेना तशी ती बोट फिरवत पुटपुटायला लागली. मग अक्षरं एकेक करून जोडायला लागली, नव्यानं शिकणाऱ्या पोरीसारखी, आणि तीही जुळेनात. मध्येच ती फोनकडे तोंड करून स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणायची, “नेट गेलं वाटते बायांनो, थांबा जरा.” आणि पुन्हा तीच ओळ.

विहारात त्यातलं तुटकतुटक पोचत होतं, आणि बाया सतरंजीवर बसून नेट यायची वाट बघत होत्या. मला दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं.